चाळीस मशीन, चाळीस घड्याळं: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मदरबोर्डवरच्या बटणसेलबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, की सेल संपला की कॉम्प्युटर तारीख विसरतो. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम घड्याळावरच करतेय. आधी एक गोष्ट, इथे कमांड आणि सर्व्हरची नावं देवनागरीत छापलीत, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाकायचं.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सांगोला तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब बघतो. ४० मशीन आहेत, सगळी विंडोज, आणि एक जुना सर्व्हर आहे त्यावर उबंटू टाकलंय. मुलं आपापल्या मशीनवर फाइल बनवतात आणि शेवटी सर्व्हरवर कॉपी करतात. प्रत्येक मशीनची वेळ वेगळी आहे, कोणाची ४ मिनिटं पुढे कोणाची १० मिनिटं मागे, आणि दोन मशीन तर चालू केली की थेट २००९ साल दाखवतात. परवाच्या प्रॅक्टिकलला एका मुलीची फाइल वेळ संपल्यावर ६ मिनिटांनी सेव्ह झालेली दिसली. ती रडायलाच लागली, म्हणाली सर मी वेळेत दिली होती. माझा तिच्यावर विश्वास आहे पण कागदावर काय दाखवू? दर सोमवारी मी आणि शिपाईमामा मिळून सगळी घड्याळं हाताने लावतो, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. नेट आहे पण दिवसातून दोनदा तरी जातं.

उत्तर: सर, आधी त्या मुलीचं बघू, लॅब नंतर.

ती ज्या मशीनवर बसली होती त्याची वेळ अजून बदलली नसेल तर कृपा करून बदलू नका. ते मशीन चालू करा, शेजारी मोबाइल धरा (मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, ती या कामाला पुरेशी बरोबर असते) आणि दोन्ही स्क्रीन एकाच फोटोत घ्या. मशीन १० मिनिटं पुढे निघालं तर तिची फाइल वेळ संपायच्या ४ मिनिटं आधीची आहे, हिशोब संपला. सोमवारी हाताने लावून बसला असाल तरी एक पुरावा सर्व्हरवर आहे. विंडोजमधून फाइल कॉपी केली की 'मॉडिफाइड' वेळ मूळ मशीनचीच सोबत जाते, म्हणजे तुम्हाला जी दिसतेय ती तिच्या बिघडलेल्या घड्याळाची वेळ आहे. पण लिनक्स (तुमचं उबंटू हे त्याचंच एक रूप) स्वतःची एक वेगळी नोंद ठेवतं. सर्व्हरवर टर्मिनल उघडून 'स्टॅट' आणि पुढे फाइलचं नाव अशी कमांड द्या, तिथे 'मॉडिफाय' आणि 'चेंज' अशा दोन वेगळ्या वेळा दिसतील. 'चेंज' ही सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे असते, मुलीच्या मशीनचा तिच्याशी काही संबंध नाही. त्यानंतर त्या फाइलला कोणी हात लावला नसेल, नाव किंवा परमिशन बदललं नसेल, तर फाइल सर्व्हरवर पोचली तेव्हाची वेळ तीच. सर्व्हर स्वतः किती पुढेमागे आहे तेवढं मात्र आधी मोबाइलशी ताडून घ्या. आज घरी जायच्या आत हे करा, पोरीचे मार्क आहेत त्यात.

आता लॅब. हाताने वेळ लावणं बंद करा, त्याने कधीच जमणार नाही, आणि यात तुमची किंवा मामांची काही चूक नाही. कॉम्प्युटर बंद असताना वेळ सांभाळतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा बारीकसा तुकडा, मनगटी घड्याळात असतो तसाच. तो दहा लाखात २० इतका जरी चुकला, आणि एवढं चुकणं अगदी नॉर्मल आहे, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ मिनिटभर जातं, त्यात लॅबला एसी नसेल आणि तुमच्याकडचा एप्रिल-मे असेल तर उष्णतेने चाल अजून बदलते, आणि प्रत्येक तुकड्याची चाल वेगळी म्हणून ४० मशीन ४० दिशांना जातात. तुमच्याकडे थोड्या दिवसांतच मिनिटांचा फरक पडतोय म्हणजे काही मशीनचे सेल पण अखेरच्या घटका मोजतायत असं मला वाटतं, पण ते पुढे बघू.

करायचं असं की सगळ्या लॅबने एकालाच वेळ विचारायची, आणि तो एक म्हणजे तुमचा उबंटू सर्व्हर. सर्व्हर बाहेर नेटवर विचारेल, मशीन सर्व्हरला विचारतील. नेट गेलं तरी सर्व्हर जागेवर असतो त्यामुळे मशीन एकमेकांपासून फुटत नाहीत, आणि तुमच्या कामाला तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. सगळी मिळून अर्धा सेकंद चुकली तर कोणाचं काही बिघडत नाही, पण शेजारशेजारच्या दोन मशीनमध्ये १४ मिनिटांचा फरक असला की मूल रडतं.

सर्व्हरवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रोनी' द्या. क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम आहे, नेट येतंजातं अशा ठिकाणी मला तो एनटीपीडी नावाच्या जुन्या प्रोग्रामपेक्षा जास्त आवडतो. मग ईटीसी फोल्डरमध्ये क्रोनी फोल्डर, त्यात क्रोनी डॉट कॉन्फ नावाची फाइल उघडा. आधीपासून 'पूल' ने सुरू होणाऱ्या ओळी असतील त्या राहू द्या, त्यांच्या वर एक ओळ टाका: 'सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी आयबर्स्ट'. ही दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, भारताची प्रमाणवेळ अणुघड्याळांवर तीच सांभाळते. 'आयबर्स्ट' म्हणजे सुरुवातीला पटापट चार ते आठदा विचारून घे. त्याखाली 'अलाउ १९२.१६८.१.०/२४', म्हणजे लॅबमधल्या मशीननी विचारलं तर उत्तर दे (तुमच्या लॅबचे आयपी वेगळे असतील तर ते टाका). ही ओळ विसरली की क्रोनी स्वतःची वेळ झकास लावतो पण दुसऱ्या कोणाला उत्तरच देत नाही आणि माणूस दिवसभर केबल तपासत बसतो. आणि तिसरी ओळ 'लोकल स्ट्रॅटम १०'. ही तुमच्या जाणाऱ्या नेटसाठी. बाहेरचं कोणी भेटत नसेल तरी आपलं घड्याळ खरं धरून मशीनना सांगत रहा, असा तिचा अर्थ.

स्ट्रॅटम म्हणजे पिढी समजा. अणुघड्याळ किंवा जीपीएस हे शून्य, त्याला थेट जोडलेला सर्व्हर १, त्याला विचारणारा २, असं १५ पर्यंत, आणि १६ म्हणजे याचं घड्याळ कशालाच जुळलेलं नाही. १० टाकलं की सगळ्यांना कळतं हा जरा लांबचा नातेवाईक आहे, जवळचा भेटला तर त्याचं ऐका.

सेव्ह करून 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट क्रोनी', आणि फायरवॉल चालू असेल तर लॅबच्या बाजूने यूडीपी १२३ पोर्ट उघडा. पाच मिनिटांनी 'क्रोनीसी सोर्सेस' द्या. सर्व्हरच्या नावांची यादी येईल आणि डाव्या कडेला चिन्हं असतील. जिथे तारा दिसतोय त्याच्याकडून आत्ता वेळ घेतली जातेय, अधिक म्हणजे त्याचंही ऐकतोय, प्रश्नचिन्ह म्हणजे तो भेटतच नाही, आणि फुलीसारखा एक्स दिसला तर तो सर्व्हर बाकीच्यांपेक्षा वेगळंच सांगतोय म्हणून त्याला बाजूला काढलाय. 'रीच' नावाचा रकाना पण बघा. तिथे ३७७ आलं की मागच्या आठही वेळा उत्तर आलं, हा आकडा आठाच्या पद्धतीत लिहिलेला असतो म्हणून असा विचित्र दिसतो. पहिल्यांदा लावाल तेव्हा १, ३, ७, १७, ३७ असा चढत जाताना बसून बघा. मला अजूनही ते बघायला आवडतं, कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारखं.

विंडोज मशीनवर कंट्रोल पॅनल, डेट अँड टाइम, त्यात इंटरनेट टाइमचा टॅब, चेंज सेटिंग्ज, आणि तिथे असलेलं नाव खोडून तुमच्या सर्व्हरचा आयपी टाका, अपडेट नाऊ दाबा. एवढं करून थांबू नका. जुनी विंडोज आठवड्यातून एकदाच वेळ विचारते, त्या दिवशी लाईट नसली की पंधरा दिवस गेले. रजिस्ट्रीमध्ये डब्ल्यू३२टाइम, त्यात टाइमप्रोव्हायडर्स, त्यात एनटीपीक्लायंट, तिथे 'स्पेशलपोलइंटरव्हल' सापडेल, डेसिमल करून ३६०० टाका म्हणजे तासाला एकदा, आणि सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज टाइम' ऑटोमॅटिक करून मशीन रीस्टार्ट करा. एका मशीनवर करून दोन दिवस बघा मग बाकीची ३९. तपासायला कमांड प्रॉम्प्टवर 'डब्ल्यू३२टीएम स्लॅश क्वेरी स्लॅश स्टेटस' द्या आणि 'सोर्स' ची ओळ वाचा. तिथे तुमच्या सर्व्हरचा आयपी पाहिजे. 'लोकल सीमॉस क्लॉक' लिहून आलं तर ते मशीन कोणालाच विचारत नाहीये, नुसतं आपल्या मनाने चाललंय, खालच्या कोपऱ्यात वेळ कितीही बरोबर दिसो.

राहिली २००९ वाली दोन. त्यांचा सेल बदला, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. तुम्ही म्हणाल आता सर्व्हर आहे ना, तो लावेल वेळ. नाही लावणार! डोमेनमध्ये (म्हणजे कंपनीतली सगळी मशीन एका मुख्य सर्व्हरच्या हाताखाली असतात त्यात) नसलेली विंडोज मूळ सेटिंगवर १५ तासांपेक्षा जास्त फरक असला की वेळ बदलायला नकार देते, तिला वाटतं कोणीतरी फसवतंय. म्हणजे ज्या मशीनला सगळ्यात जास्त गरज तेच मशीन सुधारत नाही, आणि वर ब्राउझर पण कुठलीच साइट उघडत नाही कारण २००९ च्या हिशोबाने साइट खरी आहे हे सांगणारी आजची सगळी सर्टिफिकेटं अजून सुरूच झालेली नसतात. सेल बदला, एकदा तारीख हाताने टाका, मग ते मशीन बाकीच्यांसारखं चालेल.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, वय ७४, गणित शिकवायचो. नातवाने सांगितलं की कॉम्प्युटर नेटवरून वेळ विचारतो. पण उत्तर यायला वेळ लागणारच, मग आलेली वेळ तोपर्यंत शिळी नाही का झाली? नातवाला सांगता आलं नाही.

उत्तर: गुरुजी, ही सगळी पद्धत, तिचं नाव एनटीपी म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, याच प्रश्नावर उभी आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी ती बसवली, १९८५ साली पहिली प्रमाणित आवृत्ती आली. २०२४ च्या जानेवारीत ते गेले. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती, तरी आयुष्यभर काम घड्याळांवरच.

पद्धत चार वेळा लिहून ठेवण्याची आहे. मी प्रश्न पाठवला तेव्हा माझ्या घड्याळात बरोबर १० वाजलेत. सर्व्हरला प्रश्न मिळाला तेव्हा त्याच्या घड्याळात १० वाजून ५.०२० सेकंद. त्याने उत्तर पाठवलं १० वाजून ५.०२१ ला. आणि उत्तर माझ्या हातात पडलं तेव्हा माझ्या घड्याळात १० वाजून ०.०४१ सेकंद. आता बघा, माझ्या घड्याळाप्रमाणे एकूण फेरी ४१ मिलिसेकंदांची, त्यातला १ मिलिसेकंद सर्व्हरने विचार करण्यात घालवला, म्हणजे रस्त्यात गेले ४०. जाताना २० आणि येताना २० धरले तर सर्व्हरने ५.०२१ ला पाठवलेलं उत्तर माझ्याकडे पोचलं तेव्हा त्याच्याकडे ५.०४१ झाले असणार, आणि माझं घड्याळ दाखवतंय ०.०४१. फरक ५ सेकंद, पूर्ण. माझं घड्याळ चुकलेलं असलं तरी हिशोब बरोबर येतो कारण मी माझ्या घड्याळातून फक्त फेरीला किती वेळ लागला एवढंच घेतलं.

गणिताच्या माणसाला यातली कच्ची जागा लगेच दिसेल, जाताना आणि येताना सारखाच वेळ लागला हे आपण धरून चाललोय. मोबाइल नेटवर तसं नसतं, अपलोड रडतखडत चालतं आणि डाउनलोड सुसाट. पण चूक झालीच तर ती जास्तीत जास्त अर्ध्या फेरीएवढी, इथे २० मिलिसेकंद, म्हणून तर जवळचा सर्व्हर निवडायचा, आणि म्हणून एकदा विचारून न थांबता पुन्हा पुन्हा विचारून ज्या फेरीला सगळ्यात कमी वेळ लागला तिच्यावर जास्त भरवसा ठेवायचा. नातवाला वहीवर हे चार आकडे मांडून दाखवा.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहेत. उबंटू वापरून विंडोजमध्ये आलो की वेळ साडेपाच तास मागे. सेल बदलला, फरक नाही. काय करू?

उत्तर: सेल उगाच बदललास रे. साडेपाच हा आकडा दिसला की सेल, केबल, सर्व्हर सगळं सोडून द्यायचं, तो भारताच्या वेळेचा आकडा आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज इथली वेळ लिहिते, उबंटू ग्रीनिचची म्हणजे यूटीसी लिहितं, दोघं एकाच पाटीवर वेगवेगळ्या भाषेत लिहितात. उबंटूमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की उबंटू पण इथली वेळ लिहायला लागतं, एकदा विंडोजची वेळ नीट कर आणि संपलं.

असाच अजून एक आकडा सांगून ठेवते, अडीच तास पुढे. नवीन कॅमेरा नाहीतर हजेरीचं मशीन अडीच तास पुढे दिसलं तर त्याचा झोन चीनचा राहिलाय, आठ तासवाला, आपला साडेपाच. आकडे वाचायला शिकलं की निम्मं काम फोनवर होतं.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत ८ कॅमेरे आहेत. ऑडिटरनी लिहून दिलंय की कॅमेऱ्याची वेळ आणि काउंटरच्या सॉफ्टवेअरची वेळ जुळत नाही. मॅनेजर म्हणतात दहा-पंधरा मिनिटांनी काय होतं, चोर दिसला म्हणजे झालं. खरंच एवढं महत्त्वाचं आहे का?

उत्तर: आहे, आणि मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून जरा लांबण लावते.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत मला बोलावलं होतं, गाव आणि नाव सांगत नाही. १२,००० रुपये कमी पडले होते. सॉफ्टवेअरमध्ये ११:५२ ला पैसे काढल्याची नोंद होती, ज्यांचं खातं ते आजोबा म्हणत होते मला आठवत नाही. कॅमेऱ्यात ११:५२ ला काउंटरसमोर कोणीच नाही, रिकामी खुर्ची आणि पंखा फिरतोय. झालं, सगळ्यांनी ठरवलं की कॅशियरबाईंनी खोटी नोंद केली. बाई अकरा दिवस घरी बसून होत्या. मला बोलावलं होतं ते फुटेज पेनड्राइव्हवर काढून द्यायला, बाकी कशाला नाही.

मी सवयीने मोबाइल एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) स्क्रीनला लावून बघितला. कॅमेरा १७ मिनिटं मागे. काउंटरचा कॉम्प्युटर बघितला, तो ६ मिनिटं पुढे. म्हणजे कॉम्प्युटरवरचे ११:५२ हे खरे ११:४६, आणि खऱ्या ११:४६ ला कॅमेऱ्यात वाजले होते ११:२९. मी ११:२९ ला नेलं. आजोबा उभे होते, छत्रीची मूठ काउंटरच्या कडेला अडकवलेली, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजतायत, एकदा मोजून झाल्या तर परत पहिल्यापासून, आणि कॅशियरबाई हसून त्यांना काहीतरी सांगतायत. खोलीत कोणी काही बोललं नाही बराच वेळ. पैसे आजोबांकडेच होते, सुनेकडे ठेवायला दिले होते आणि विसरले होते बिचारे. कमी पडलेल्या रकमेचा घोळ पुढे दुसऱ्याच व्हाउचरमध्ये सापडला, पण त्या अकरा दिवसांचं काय? मॅनेजरसाहेबांना हे वाचून दाखवा.

आता तुमचं काम. पहिली गोष्ट, एखादी तक्रार चालू असेल तर घड्याळाला हात लावायच्या आधी फरकाची नोंद करा, मोबाइल आणि एनव्हीआरची स्क्रीन एकाच फोटोत, तारीख टाकून रजिस्टरला दोन सह्या. फुटेज कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लागतं, १ जुलै २०२४ पर्यंत याचसाठी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ब होतं, आणि घड्याळ चुकलेलं असेल तर किती चुकलेलं होतं हे आधीच लिहिलेलं असणं हे नंतर समजावत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. दुसरी गोष्ट, घड्याळ पुढे असेल आणि मागे घ्यायचं असेल तर ते संस्था बंद झाल्यावर घ्या, कारण १५ मिनिटं मागे घेतलं की तीच १५ मिनिटं दोनदा रेकॉर्ड होतात आणि शोधताना कुठलं कुठलं ते कळत नाही.

मग एनव्हीआरच्या मेनूत सिस्टिम, तिथे टाइमची सेटिंग. झोन साडेपाच, डेलाइट सेव्हिंग बंद (ते चालू राहिलं तर वर्षातून दोनदा तासाचा गोंधळ), एनटीपी चालू, पोर्ट १२३, आणि सर्व्हरच्या जागी तोच पत्ता जो काउंटरच्या कॉम्प्युटरना दिलाय. हे 'तोच' महत्त्वाचं. काही कॅमेरे स्वतःची वेळ चित्रावर स्वतः छापतात, एनव्हीआरची नाही, म्हणून आठही कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र लावून सेकंदांसकट बघा. एनव्हीआरला नेट देत नसाल, आणि न देणं चांगलंच आहे, तर वरच्या सांगोल्याच्या सरांसारखं आतलंच एक मशीन वेळेसाठी ठेवा. महिन्यातून एकदा मोबाइल शेजारी धरून बघायचं काम कोणाचं ते पण ठरवा, नाहीतर कोणीच करत नाही.

प्रश्न: भोसरीत आमची लहान कंपनी आहे, ६० मशीन, विंडोज डोमेन, दोन डोमेन कंट्रोलर, दोन्ही व्हर्च्युअल. मीच आयटी. ऑडिटवाले म्हणाले सर्ट-इनच्या नियमाप्रमाणे वेळ पाहिजे. मी सगळ्या ६० मशीनवर वेळेचा सर्व्हर ग्रुप पॉलिसीने टाकला तर आता कधी कधी लॉगिनच होत नाही.

उत्तर: नियम असा आहे, सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले त्यात कंपन्यांनी आपल्या सगळ्या सिस्टिमची घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवायची. शेवटचे शब्द नीट वाचा. प्रत्येक मशीनने दिल्लीला फोन करायचा असं कुठेही म्हटलेलं नाही, साखळी तिथपर्यंत पोचली की झालं. त्याच निर्देशात लॉग, म्हणजे सिस्टिमने केलेल्या नोंदी, १८० दिवस ठेवायला आणि घटना ६ तासांत कळवायला सांगितलंय, त्यामुळे लॉगच्या वेळा खऱ्या असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

ती ग्रुप पॉलिसी मागे घ्या. डोमेनमध्ये साखळी आधीच बांधलेली असते. मशीन डोमेन कंट्रोलरला (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) विचारतात, कंट्रोलर पीडीसी एम्युलेटरला (कंट्रोलरमधला वेळेसाठी मुख्य असलेला) विचारतो, बाहेर जायचं ते फक्त पीडीसी एम्युलेटरने. दोनातला कोण ते 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' ने कळेल. फक्त त्याला समय१ डॉट एनआयसी डॉट इन, समय२ डॉट एनआयसी डॉट इन आणि प्रयोगशाळेचा सर्व्हर द्या, डब्ल्यू३२टीएमच्या 'मॅन्युअलपीअरलिस्ट' मध्ये, 'सिंकफ्रॉमफ्लॅग्ज मॅन्युअल' आणि 'रिलायबल येस' सकट. दोनच पत्ते देऊन थांबू नका, दोघं वेगवेगळं बोलले तर खरं कोण ते ठरवता येत नाही, तिसरा पाहिजेच, चार असले तर उत्तम. त्यात गूगलचा वेळेचा सर्व्हर मिसळू नका. तो सर्व्हर वाईट नाही, पण लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला कधीतरी वाढवतात तो एक सेकंद) आला की ते लोक तो एक सेकंद दिवसभरात पसरवून टाकतात आणि बाकीचे एका झटक्यात घेतात, त्या दिवशी तुमचे सर्व्हर आपसात भांडतील. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीला आला होता, आपल्याकडे १ जानेवारीची पहाट होती ती, साडेपाच वाजायच्या जरा आधी.

लॉगिन का अडतं? डोमेनचं लॉगिन केर्बेरॉस नावाच्या ओळख तपासणाऱ्या पद्धतीवर चालतं आणि त्याला मूळ सेटिंगवर ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो, मशीन आणि कंट्रोलर वेगवेगळ्या माणसांना वेळ विचारत होते, त्यात एक चुकला की तिकीट नाकारलं जातं आणि पासवर्ड बरोबर असून माणूस बाहेर. तुमच्याकडे संशय मला व्हर्च्युअल कंट्रोलरचाच जास्त आहे. खालचा होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्याच्यावर चालतात तो खरा कॉम्प्युटर, आपली वेळ वरच्या व्हर्च्युअल मशीनवर ढकलत असतो, आणि होस्ट जर त्याच डोमेनमध्ये असेल तर तो वेळ विचारतो कंट्रोलरला आणि कंट्रोलरला वेळ मिळते होस्टकडून, दोघं एकमेकांचा हात धरून गोल फिरतात आणि हळूहळू सगळी कंपनी घेऊन भलतीकडे जातात. पीडीसीच्या व्हर्च्युअल मशीनवर होस्टकडून येणारं टाइम सिंक्रोनायझेशन बंद करा. पीडीसीवर 'सोर्स' च्या ओळीत समय१ वगैरे दिसलं पाहिजे, 'व्हीएम आयसी' ने सुरू होणारं काही दिसलं तर तो अजून होस्टचंच ऐकतोय.

आणि बाहेरून आत येणारा १२३ पोर्ट उघडला असेल तर बंद करा, वेळ विचारायला आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. २०१४ च्या सुमारास असेच उघडे राहिलेले एनटीपी सर्व्हर वापरून तिसऱ्याच माणसावर ट्रॅफिकचा मारा करायचे, एक छोटा प्रश्न पाठवून शंभर पट मोठं उत्तर दुसऱ्याच्या दारात टाकायचं.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते, नाशिकला बाबांच्या दुकानाचा सर्व्हर इथून बघते. सर्व्हर आणि माझा लॅपटॉप दोघांनाही एकच एनटीपी सर्व्हर दिलाय तरी वेळ साडेनऊ तासांनी वेगळी, आणि नोव्हेंबरमध्ये ती आपोआप साडेदहा झाली! सिंक होतंय की नाही?

उत्तर: होतंय गं, अगदी व्यवस्थित. एनटीपीला झोन माहीतच नसतो, तो सगळ्या जगाला एकच यूटीसी सांगतो, त्यात साडेपाच मिळवायचे की पाच वजा करायचे हे प्रत्येक मशीन आपल्याकडच्या झोनच्या यादीतून बघतं. नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडचं घड्याळ तासभर मागे गेलं, नाशिकचं हललं नाही. खात्री करायला दोन्हीकडे यूटीसी वेळ काढून बघ, लिनक्सवर 'डेट -यू', ती सेकंदाला सेकंद जुळली पाहिजे. दुकानाच्या सर्व्हरचा झोन 'एशिया/कोलकाता' च ठेव, बिलावर बाबांना नाशिकची वेळ दिसू दे, आणि तू बघतेस ते लॉग मात्र यूटीसीमध्ये लिहायला लाव म्हणजे नोव्हेंबरला एकच तास दोनदा आला असं होणार नाही. एक घड्याळ आणि दोन वेळा हे आपल्याकडे काही नवीन नाही, १९०६ ला भारताची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईत कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' चालू होती, १९५५ पर्यंत. बाबांच्या वडिलांना कदाचित आठवत असेल, दिवाळीत आलीस की विचार.